शेजारच्या टेबलावरची मैत्रीण, तिची आजारी आई आणि साक्ष देण्याचा प्रश्न

विट्याकडच्या एका गावातल्या आणि सध्या सांगलीत पतसंस्थेत नोकरी करणाऱ्या एका ताईंनी विचारलंय: "आमचं घर तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. ऑफिसात शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीची आई आजारी होती. मी म्हणाले, प्रार्थना करते. दुसऱ्या दिवशी तिला येशूबद्दलची एक छोटी पुस्तिका दिली. तेव्हापासून ती दुरावली, डबाही वेगळा खाते. 'जपून राहा, बाटवतील' असं कुणीतरी तिला सांगितल्याचं कानावर आलं. गणपतीत प्रसाद घेतला नाही म्हणूनही कुजबुज झाली. इकडे मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ऐकावं लागतं की जो साक्ष देत नाही, म्हणजे येशूबद्दल इतरांना सांगत नाही, तो प्रभूला नाकारतो. मी नक्की कुणाचं ऐकू?"

ताई, मी पाळक म्हणून, म्हणजे चर्चचा धर्मगुरू म्हणून, सातारा-सांगलीकडे काम केलं. त्यातला मोठा काळ मिरजेत आणि आसपास, आजारी माणसांच्या खाटांजवळ गेला. त्यामुळे माझं उत्तर जरा त्या बाजूने येईल.

प्रार्थना करते म्हणालात त्यात काही वावगं नाही. आपल्याकडे कुणीही आजारी पडलं की कुणी नवस बोलतं, कुणी अंगारा आणून देतं, कुणी दर्ग्यात चादर चढवतं. तुम्ही तुमच्या रीतीने काळजी दाखवलीत. पुस्तिका मात्र त्या आठवड्यात द्यायला नको होती. मैत्रीण घाबरलेली होती आणि ती तुमच्या शेजारी दिवसभर बसते. तिला 'नको' म्हणायचं असतं तरी कसं म्हणणार? नाही म्हटलं तर तुम्ही दुखावणार, आणि आईसाठी प्रार्थना करणाऱ्या बाईला दुखवायचं तिच्या जिवावर आलं असणार. म्हणून तिने पुस्तिका घेतली आणि डबा हलवला. तोंडाने देता न आलेला नकार तिने तसा दिला.

माझं मोजमाप एवढंच आहे: समोरच्याला काहीही न गमावता 'नको' म्हणता येतंय का? येत असेल तर मोकळेपणाने बोला, येशूचं नाव घ्या, वाद घाला, हवं तर चौकात उभं राहून बोला. येत नसेल तर तिथे सुवार्ता सांगायची नाही, फक्त मदत करायची. साहेबाने शिपायाला, शिक्षकाने विद्यार्थ्याला, डॉक्टरने पेशंटला, देणाऱ्याने घेणाऱ्याला सांगायचं नाही. तुमच्या बाबतीत काउंटरपलीकडे कर्जाची फाइल घेऊन उभ्या असलेल्या माणसाला तर कधीच नाही, तो कितीही दुःखी दिसला तरी. हप्ता थकलेला माणूस तुमची कुठलीही गोष्ट मान हलवत ऐकून घेईल.

हे मी दवाखान्यात शिकलो. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केलं, १८९७ मध्ये वैद्यकीय शिक्षणाची सोय केली. आज वानलेसवाडीचं नाव घेताना ते माणसाचं नाव आहे हे कुणाच्या मनातही येत नाही. कर्नाटकातून, कोकणातून, माणदेशातून लोक 'मिशनमध्ये' यायचे ते ऑपरेशनसाठी. बरे होऊन गेलेले बहुतेक सगळे आपापल्या देवांकडेच परत गेले, आणि रुग्णालय चालू राहिलं. पण जुन्या मिशन दवाखान्यांत आणखी एक पद्धत होती. तपासणी सुरू होण्याआधी बसलेल्या लोकांपुढे शास्त्रवाचन आणि प्रार्थना व्हायची. हेतू चांगला होता यात मला शंका नाही. तरी हातात केसपेपर घेऊन, पोटात दुखत असताना बाकावर बसलेला माणूस उठून जाऊ शकत नाही. तो ऐकतो, कारण नंबर लागायचा असतो. शुभवर्तमानात लूकने दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट दिली आहे. दहाही बरे झाले, एकच परत आला. नऊ कुठे आहेत असं येशूने विचारलं, पण त्यांचं बरेपण काढून घेतलं नाही. दवाखान्यात काम करणाऱ्या प्रत्येक ख्रिस्ती माणसाने हा उतारा पाठ करावा असं मला वाटतं.

आता मैत्रिणीच्या बाजूने बघू. तिला जे सांगितलं गेलं ते कुठून येतं?

शाळेत असताना आपण सगळ्यांनी ती गोष्ट ऐकलेली असते, विहिरीत पाव टाकला आणि गाव बाटला. ती कोकणपट्टीतल्या पोर्तुगीज अमलाशी जोडलेली गोष्ट. आपल्या घाटावर पोर्तुगीजांचं राज्य कधी नव्हतं. इथे साताऱ्याकडे अमेरिकन मराठी मिशन आलं, कोल्हापूर, सांगली, मिरजेकडे अमेरिकन प्रेस्बिटेरियन आले, तेही एकोणिसाव्या शतकात. त्यांच्याकडे तलवार नव्हती. शाळा, बोर्डिंग, दवाखाना आणि दुष्काळात धान्य होतं. आणि खरं सांगायचं तर धान्याचा आरोप पूर्ण खोटा नाही. १८७६ ते ७८ आणि पुन्हा १८९९-१९०० च्या दुष्काळांनी आपला पूर्वेकडचा पट्टा होरपळला. अनाथ मुलं मिशनच्या आश्रयाला गेली, तिथेच वाढली, तिथेच ख्रिस्ती झाली. त्या मुलांना 'नको' म्हणता येत होतं का, हा प्रश्न माझ्याच मोजमापाने विचारावा लागतो, आणि उत्तर आपल्याला अवघड जातं.

पण 'पोटासाठी बाटले' म्हणणारे एक गोष्ट सोयीने विसरतात. आपल्या मंडळ्यांतल्या अनेकांचे आजे-पणजे महार-मांग वस्तीतून आले. ज्या गावात पाणवठ्याला हात लावता येत नव्हता, तिथे कुणीतरी येऊन पोराला बाकावर बसवलं, पाटी दिली, नावाने हाक मारली. त्या माणसाने भाकरीसाठी धर्म विकला असं म्हणणं म्हणजे त्याला स्वतःचं डोकं नव्हतं असं म्हणणं. हे मी कुणाच्याही तोंडावर सांगतो, आणि तुम्हीही सांगा, चिडून नव्हे पण ठामपणे.

संख्येचीही भीती घातली जाते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक सुमारे १० लाख ८० हजार होते, एक टक्क्याहून किंचित कमी. त्यातले बरेचसे मुंबई, वसई, पुण्याकडचे. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्यात सगळ्या मंडळ्या एकत्र केल्या तरी एक लग्नाचा हॉल पुरतो.

तरीही भीती आहे, आणि ती समजून घ्यायला हवी. तुमच्याच ऑफिसात पाहा. कुणी म्हणतं, गुरुवारी केंद्रात चल. कुणी बैठकीला बोलावतं. कुणी पारायणाची पोथी देतं, कुणी सप्ताहाची वर्गणी मागतं. त्यांच्यापासून कुणी डबा हलवत नाही. तुम्ही आठ पानांची पुस्तिका दिलीत तर हलवला. हा अन्याय आहे असं तुम्हाला वाटत असेल, थोडासा आहेही. पण फरक कुठे आहे ते बघा. केंद्रात गेलेल्या बाईचं आडनाव, कुलदैवत, सोयरीक, मयतीची रीत, जातीचा दाखला, यातलं काहीच बदलत नाही. बाप्तिस्मा घेतला की यातलं पुष्कळ बदलू शकतं. लग्न कुठल्या कायद्याने, देह जाळायचा की पुरायचा, देव्हाऱ्याचं काय करायचं, पालीच्या खंडोबाला जायचं की नाही. अनुसूचित जातीतल्या माणसाचं तर आणखी अवघड, कारण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झाल्यावर तो दर्जा राहत नाही. शीख आणि बौद्ध झालेल्यांसाठी १९५६ आणि १९९० मध्ये तो आदेश बदलला, ख्रिस्ती आणि मुसलमानांसाठी नाही. म्हणजे तुमच्या मैत्रिणीला येशूची भीती वाटत नाही. आईला बरं वाटलं तर उपकाराच्या ओझ्याखाली आपलं घर, माहेर, सोयरेधायरे सुटतील की काय, याची तिला भीती वाटते.

ही गाठ सोडवायचा प्रयत्न साताऱ्यातच झाला होता, आणि आपल्या लोकांनाही तो फारसा माहीत नाही याचं मला नवल वाटतं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या घराचं काय झालं ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, आणि त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये. घर तुटण्याची किंमत टिळकांना कुणी शिकवायची गरज नव्हती. पुढे १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. कल्पना अशी की ख्रिस्ताला मानणारे बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघंही एकत्र बसतील, आणि ख्रिस्ताचं शिष्यत्व म्हणजे परक्या लोकांच्या कंपाउंडात राहायला जाणं नव्हे हे लोकांना दिसेल. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो असं म्हणणारा हा माणूस. अभंगात प्रार्थना लिहायचा, कीर्तन करायचा. दोन वर्षांत, मे १९१९ मध्ये ते गेले आणि दरबार मागे उरला नाही. मिशनच्या लोकांना तो अर्धवट वाटला, हिंदूंना संशयास्पद वाटला. मला विचाराल तर आपल्या भागातल्या ख्रिस्ती इतिहासातलं ते सगळ्यांत शहाणं पाऊल होतं. टिळकांना लोकांना मोजायचं नव्हतं, त्यांच्यासोबत बसायचं होतं.

याच्या उलट टोकाला जी माणसं आहेत त्यांच्यामुळे तुमच्यासारख्यांना जास्त सोसावं लागतं, म्हणून त्यांच्याबद्दल आडपडदा न ठेवता बोलतो. ज्योतिबा, खंडोबा, यल्लमा यांना सैतान म्हणणारे प्रचारक आपल्यात आहेत. नव्याने आलेल्या बाईला देव नदीत सोडायला लावणारे आहेत. 'गोळ्या बंद कर, विश्वास ठेव' म्हणणारे आहेत. पहिल्याने शेजाऱ्याचं मन दुखतं, आणि जाणूनबुजून केलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ खाली तो गुन्हाही होऊ शकतो. दुसऱ्याने घर पेटतं, कारण ते देव त्या बाईचे एकटीचे नसतात, सासूचे असतात, दिरांचे असतात. तिसऱ्याने माणूस मरू शकतो. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. त्यांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यात साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणं हा गुन्हा ठरवला आहे. तो बुवा-भगतांसाठी आहे, आपल्याला काय, असं कुणा पाळकाने समजू नये. ज्या समाजाने वानलेस रुग्णालय पाहिलं त्या समाजाच्या व्यासपीठावरून औषधाविरुद्ध बोललं जावं, ही मला सर्वांत मोठी शरमेची गोष्ट वाटते.

वाद घालायला माझा विरोध नाही, हे मुद्दाम सांगतो. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी उघड्यावर वाद घालत आणि ऐकायला माणसं जमत. ज्याला कंटाळा येई तो घरी जाई. दोन्ही बाजू तोडीस तोड होत्या, कुणाची आई आजारी म्हणून कुणी तिथे अडकलेलं नव्हतं. असा खुला वाद आज झाला तर मी खुर्ची घेऊन पहिल्या रांगेत बसेन. आज तसा वाद होत नाही, त्याऐवजी घाबरवलं जातं. २०२५ च्या जूनमध्ये सांगलीत जाहीरपणे धर्मप्रसारकांना मारहाण करणाऱ्यांना बक्षिसं लावण्याची भाषा झाली, आणि त्याविरुद्ध जुलैमध्ये ख्रिस्ती समाज मुंबईत आझाद मैदानावर जमला. तुमच्या मैत्रिणीने ते सगळं मोबाईलवर पाहिलं असेल. तुम्हीही पाहिलं असेल. त्या पार्श्वभूमीवर तुमची पुस्तिका तिच्या टेबलावर पडली, हेही लक्षात घ्या.

कायद्याचं थोडक्यात. घटनेच्या २५ व्या कलमात धर्म पाळण्याबरोबर त्याचा प्रसार करण्याचाही हक्क दिलेला आहे. संविधान सभेत १९४८ च्या डिसेंबरमध्ये यावर चर्चा झाली होती, आणि तो शब्द ठेवला गेला. मात्र १९७७ मध्ये रेव्ह. स्टॅनिस्लॉस खटल्यात, ओडिशा आणि मध्य प्रदेशच्या कायद्यांबद्दल निकाल देताना, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क नव्हे. सांगणं तुमचं, ठरवणं त्याचं. मला आवडतं ते २८ वं कलम. सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत विद्यार्थ्याला त्याच्या, आणि तो लहान असेल तर पालकांच्या, संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही. म्हणजे ज्याला उठून जाता येत नाही त्याचा विचार घटनेने आधीच करून ठेवलाय. ऑफिसचे नियम याहून कडक असू शकतात. ते वाचा आणि पाळा.

आता मंडळीतल्या वडिलांबद्दल, म्हणजे तिथल्या ज्येष्ठ जबाबदार लोकांबद्दल. 'जो मला माणसांपुढे नाकारील' हे मत्तयातलं वचन ते तुम्हाला ऐकवत असतील. त्यांना आदराने विचारा, येशूचा शिष्य पेत्र याने प्रभूला नाकारलं ते कधी? शेकोटीजवळच्या दासीने त्याला विचारलं तेव्हा. विचारल्यावर खोटं बोलणं म्हणजे नाकारणं. तुम्हाला 'तुम्ही ख्रिस्ती का?' असं विचारलं आणि तुम्ही 'छे, आम्ही नावाचेच' म्हणालात तर तो नकार. कुणी विचारलंच नसताना दुपारच्या डब्याला गप्प बसणं हा नकार कसा? पेत्राने पुढे पत्र लिहिलं ते परक्या लोकांत विखरून राहणाऱ्या मूठभर विश्वासणाऱ्यांना, म्हणजे आपल्यासारख्यांनाच. त्यात तो म्हणतो की आशेबद्दल जो विचारील त्याला उत्तर द्यायला तयार असा, आणि ते सौम्यतेने द्या. आधी कुणीतरी विचारलं पाहिजे, आणि कुणी विचारावं असं आपलं वागणं असलं पाहिजे. काही मंडळ्यांत दर रविवारी 'या आठवड्यात किती जणांना सांगितलंत' असं हात वर करायला लावतात. तसं तुमच्याकडे होत असेल तर हात खाली ठेवा. वडील रागावले तर रागावू द्या, आठवडाभर तुमच्या टेबलावर तुम्ही बसणार आहात, ते नाहीत.

प्रसादाचं एवढं मनावर घेऊ नका. आपल्यातच काही घरं घेतात, काही घेत नाहीत. पौलाने करिंथच्या मंडळीला याबद्दल लिहिलं तेव्हाही एकमत नव्हतं. तुमचं मन घेत नसेल तर घेऊ नका, पण नकार एका वाक्यात संपवा. "आमच्याकडे घेत नाहीत हो, पण आरास फार छान झालीय." मूर्तिपूजेवरचं प्रवचन त्याला जोडू नका. तोंड वाकडं करून ताट पुढे सरकवणं हे नकारापेक्षा जास्त लागतं, बोलणी त्यावरूनच बसतात. वर्गणी द्या, हवं तर 'अन्नदानात धरा' म्हणून द्या. संक्रांतीचा तिळगूळ घ्या आणि द्या. हळदीकुंकवाला बोलावलं तर जा, कुंकू नको असेल तर यजमानीणबाईला आदल्या दिवशीच कानात सांगा, ती सांभाळून घेईल. आपल्याकडच्या बायका हे फार सहज करतात, गडबड होते ती ऐनवेळी हात मागे घेतल्यावर. नाताळात करंज्या-अनारसे सगळ्या टेबलांवर ठेवा, त्यासोबत छापील कागद ठेवू नका. उपासनेचं आमंत्रण द्यायचं तर जो स्वतःहून 'तुमच्याकडे नाताळात काय करतात हो?' विचारील त्यालाच द्या, आणि तो आला नाही तर पुन्हा विषय काढू नका.

मैत्रिणीकडे कसं जायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत पण तेच महत्त्वाचं. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर नको. एकटी भेटली की म्हणा, "आईंची तब्येत कशी आहे? त्या दिवशी मी पुस्तिका दिली, ते त्या वेळी बरोबर नव्हतं. तुला अवघड वाटलं असेल. मी पुन्हा असं काही देणार नाही." एवढं बोलून आईच्या औषधाचं, डॉक्टरांच्या तारखेचं विचारा. स्पष्टीकरण देत बसू नका, 'आम्ही तसे नाही' हे वाक्य तर बिलकूल नको, त्याने तिला कुणी काय सांगितलं हे तुम्हाला कळलंय एवढंच उघड होईल. ती लगेच डबा घेऊन तुमच्याकडे येणार नाही. थांबा. डॉक्टरांकडे जायला सुट्टी लागली तर तिचं काम सांभाळा, आणि सांभाळलं हे चर्चमध्ये साक्ष म्हणून सांगू नका. पुस्तिका तिने परत केली तर मुकाट्याने पर्समध्ये टाका.

प्रार्थना करते म्हणाला होतात, तर करत राहा. घरी, दार लावून. आणि एक तपासा. आजकाल मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'प्रार्थना विनंती' म्हणून आजाऱ्यांची नावं, गाव, आजार, कुणाची कोण, असं सगळं जातं आणि तिथून आणखी चार ग्रुपवर जातं. सांगलीसारख्या ठिकाणी ते फिरून ज्याचं त्याला पोचायला दोन दिवस पुरतात. तिच्या आईचं नाव तुम्ही किंवा तुमच्या घरातल्या कुणी तिथे टाकलं असेल, तर मैत्रिणीशी बोलायला जाण्याआधी ते काढायला सांगा.